जुन्या गार्डन ट्रॅक्टरचं स्टिअरिंग: ढिलं झालंय, निघत नाहीये, की नवीन बसत नाहीये?

इथे अमेरिकेत गावाबाहेर जरा मोठ्या जागेचं घर घेतलं की शेडमध्ये आधीच्या मालकाचा एखादा जुना गार्डन ट्रॅक्टर सापडतो, नाहीतर कोणाच्या तरी यार्ड सेलमधून आपणच हौसेने उचलून आणतो. व्हील हॉर्स, कब कॅडेट, जॉन डिअर ११० ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. व्हील हॉर्स इंडियानातल्या साउथ बेंडचा, पाँड बापलेकांनी १९४६ मध्ये सुरू केलेला, पुढे १९८६ मध्ये टोरोने घेतला. कब कॅडेट मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरचा, १९६१ पासूनचा, आणि जॉन डिअर ११० आला १९६३ मध्ये. म्हणजे यातली कितीतरी मशिनं साठीला आलेली आहेत, आणि तरी कार्ब्युरेटर साफ केला, नवीन प्लग टाकला की चालू होतात, मला याचं खरंच फार कौतुक वाटतं. पण स्टिअरिंग बघाल तर जवळजवळ प्रत्येकाची काही ना काही तक्रार असतेच. नवीन माणूस काय करतो, ऑनलाइन एक नवं स्टिअरिंग व्हील मागवतो, ते आलं की कळतं की जुनं निघतच नाही, आणि कसंबसं काढलं तर नवीन बसत नाही.

तर पहिल्यांदा एक गोष्ट ठरवून टाका. व्हील बदलता येतं, पिन बदलता येते, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) तर चिल्लर खर्चात येतं, पण शाफ्ट, म्हणजे व्हीलपासून खाली गिअरपर्यंत जाणारा दांडा, मिळणं अवघड आणि मिळाला तरी बदलायला अर्धा ट्रॅक्टर उघडावा लागतो. म्हणून या कामात काहीही गमवायची वेळ आली तर व्हील गमवा, शाफ्ट नाही. खाली जे जे सांगतोय ते सगळं याच हिशोबाने.

हात लावायच्या आधी

स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, ट्रॅक्टर सरकू नये म्हणून मागच्या चाकांना ओट (ठोकळा) लावा. बऱ्याच मॉडेलमध्ये पेट्रोलची टाकी डॅशच्या अगदी पुढे किंवा खाली असते, म्हणजे तुम्ही जिथे काम करणार त्याच्या हातभर अंतरावर. पुढे गॅसच्या टॉर्चने गरम करायची वेळ आली तर टाकी आधी काढून लांब नेऊन ठेवायची, झाकून ठेवली की झालं असं चालत नाही. आणि रंग घासणार असाल तर मास्क लावा, त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं.

नेमकं ढिलं काय आहे ते आधी शोधा

"स्टिअरिंग ढिलं आहे" याचे निदान पाच अर्थ होतात आणि पाचही ठिकाणचा इलाज वेगळा, त्यामुळे ही पायरी गाळू नका. मला सगळ्यात खात्रीची वाटते ती रंगाच्या रेघेची पद्धत. पांढरा पेंट मार्कर घ्या, व्हीलच्या प्लास्टिकपासून सुरू करून मधल्या लोखंडी हबवरून (शाफ्टवर बसणारा व्हीलचा मधला भाग) खाली शाफ्टपर्यंत एक सलग सरळ रेघ ओढा. मग कोणाला तरी पुढचं चाक घट्ट धरून ठेवायला सांगा आणि तुम्ही व्हील डावी-उजवीकडे हलवा. रेघ जिथे तुटते तिथे दोष.

प्लास्टिक आणि लोखंडी हब यांच्यामध्ये रेघ तुटली तर व्हीलच गेलेलं आहे, आतलं लोखंड प्लास्टिकमध्ये सुटून फिरतंय. काही जण यात एपॉक्सी भरतात, शोभेच्या मशिनला ठीक आहे, पण उतारावर गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरला मी तरी ते करणार नाही, सरळ दुसरं व्हील आणा. हब आणि शाफ्टमध्ये रेघ तुटली तर त्यांना जोडणारी पिन, चावी (खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) किंवा एकमेकांत अडकणारे दाते झिजलेत, आणि या लेखाचा मोठा भाग त्याच्यावरच आहे. रेघ कुठेच तुटली नाही तरी व्हील हलतंय, तर प्ले (ढिली हालचाल) खाली आहे, म्हणजे गिअर, टाय रॉडचे (चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे) एंड नाहीतर पुढच्या चाकांच्या स्पिंडल (चाक ज्यावर बसतं आणि वळतं तो भाग). व्हील हॉर्समध्ये शाफ्टच्या खालच्या टोकाला छोटा पिनियन (लहान गिअर) असतो आणि तो पंख्याच्या आकाराच्या गिअरला फिरवतो, तिथले दाते झिजतात. जुन्या कब कॅडेटला रॉस कंपनीचा बंद गिअरबॉक्स आहे, त्यात ॲडजस्ट करायचा स्क्रू आणि लॉकनट असतो. तिथला प्ले व्हील बदलून जाणार नाही, कितीही महागाचं आणा.

आता व्हील फिरवू नका, नुसतं आडवं ढकलून बघा. डॅशमधून शाफ्ट जिथे वर येतो तिथे पूर्ण शाफ्टच इकडेतिकडे होत असेल तर वरचं बुश गेलंय. हे फार वेळा होतं, आणि नवीन माणसाला वाटतं व्हीलच ढिलं आहे. बुश बदला, अर्धी तक्रार तिथेच संपते. तसंच व्हील वर-खाली उचललं जात असेल तर हबखालचा वॉशर किंवा कॉलर झिजलाय, पातळ शिम वॉशर टाकून भरून काढता येतो, फक्त सगळी फट बंद करू नका, कागद सरकेल एवढी ठेवा, नाहीतर स्टिअरिंग जड होतं आणि सोडल्यावर परत फिरत नाही.

एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. शाफ्ट ५/८ इंचाचा आणि व्हील १४ इंचाचं असेल तर पिनपाशी झालेली अर्धा मिलिमीटर फट रिमवर साधारण ११ मिमी होऊन दिसते. म्हणून रिमवर बोटभर प्ले दिसला की घाबरायचं कारण नाही, मुळाशी तो केसाएवढाच असू शकतो. पण आज केसाएवढा असलेला दर सीझनला वाढतो, आणि एक दिवस पिन तुटते तेव्हा हातात व्हील फिरतं आणि ट्रॅक्टर सरळच जातो.

जोड कोणता आहे

मधली कॅप काढा, नाही निघाली तर पातळ प्लास्टिकची पट्टी घालून हळू उचका, जुन्या कॅपा आता सहज मिळत नाहीत. वरून नट दिसला तर खाली एकतर दाते आहेत नाहीतर चावी. कब कॅडेटवर बहुतेक वेळा नट आणि दाते. नट नाही, नुसतं शाफ्टचं टोक दिसतंय, तर हबच्या खालच्या गळ्यावर आडवी पिन असणार. व्हील हॉर्सच्या पुष्कळ मॉडेलला हीच आडवी स्प्रिंग पिन आहे, रोल पिन म्हणतात ती. ग्रीस, माती आणि रंगाच्या थराखाली ती दिसतच नाही, त्यामुळे गळा तारेच्या ब्रशने साफ करा आणि बोट फिरवून बघा. रोल पिनचं टोक म्हणजे मधे पोकळ आणि एका बाजूला चीर असलेली छोटी रिंग. पूर्ण भरीव टोक दिसलं तर ती टेपर पिन, म्हणजे एका टोकाकडे निमुळती होणारी पिन, असू शकते, मग दोन्ही टोकं व्हर्निअरने (बारीक मापं घ्यायच्या कॅलिपरने) मोजायची आणि लहान टोकाकडूनच ठोकायची, उलट्या बाजूने ठोकली तर आणखी घट्ट बसते.

मॉडेल नंबर बघून पार्ट्सचा तक्ता डाउनलोड करून ठेवा. व्हील हॉर्सची जुनी मॅन्युअल टोरोच्या साइटवर फुकट मिळतात. तक्त्यात जे आहे तेच तुमच्या ट्रॅक्टरवर असेल असं मात्र धरू नका, पन्नास वर्षांत कोणीतरी काहीतरी बदललेलं असतं.

जुनं व्हील काढताना

इथे घाई करू नका हो, खरं सांगतो, सगळं नुकसान इथेच होतं.

आधी तेल. पीबी ब्लास्टर किंवा क्रॉइल, असं गंजात शिरणारं तेल हब आणि शाफ्टच्या सांध्यावर वरून आणि खालून मारा, पिनच्या भोकांतही मारा, आणि रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी परत. तीन-चार दिवस रोज एकदा असं केलं तर जे काम मारामारीने होत नाही ते पुष्कळदा हाताने होतं.

पिन काढताना रोल पिनचाच पंच वापरा, त्याच्या टोकाला छोटा गोळा असतो तो पिनच्या पोकळीत बसतो. नेहमीचा पंच घसरतो आणि पिनचं तोंड पसरवतो. हबच्या पलीकडच्या बाजूला लाकडाचा ठोकळा व्ही आकारात कापून टेकू द्या, म्हणजे हातोडीचा मार शाफ्ट वाकवण्यात न जाता पिनवर जाईल. पिन आत तुटली असली तरी पंचानेच बाहेर ढकलायचा प्रयत्न करा. ड्रिल मारायला जाऊ नका, ती स्प्रिंग स्टीलची कडक असते, बिट तिच्यावरून घसरून मऊ हबमध्ये घुसतं आणि भोक वाकडं होतं.

पिन निघाली, नट निघाला, तरी व्हील जागचं हलणार नाही. आता लोक दोन गोष्टी करतात आणि दोन्ही चुकीच्या. एक म्हणजे रिमला धरून खालून ठोकणं, त्याने आरे वाकतात आणि जुनं प्लास्टिक तडकतं. दुसरं म्हणजे शाफ्टच्या टोकावर जोरात हातोडी घालणं, त्याने टोक पसरतं, आटे जातात, आणि मार खाली गिअरपर्यंत पोचतो. त्याऐवजी बेअरिंग स्प्लिटर नावाचं दोन भागांचं साधन मिळतं, ते हबच्या खाली अडकवा आणि त्याला पुलर (स्क्रू आवळून भाग ओढून काढणारं साधन) लावा, म्हणजे ओढ थेट लोखंडी हबवर येते. कितीतरी ऑटो पार्ट्सची दुकानं हे डिपॉझिट ठेवून वापरायला देतात, विकत घ्यायची गरज नाही. नटाचा शाफ्ट असेल तर नट पूर्ण काढू नका, शाफ्टच्या टोकाशी समपातळीत ठेवा, आटे वाचतात आणि व्हील अचानक सुटून तोंडावर येत नाही.

पुलर ताणला की थांबा. ताण तसाच ठेवून पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर एक नेमका टोला, मग परत तेल, मग चहा. ताण सोडू नका, रात्रभर तसाच राहू दे. सकाळी येऊन बघावं तर कधीकधी आपोआप सुटलेलं असतं.

तरी नाही निघालं तर उष्णता, पण ती हबला द्यायची, शाफ्टला नाही, कारण हब प्रसरण पावला तरच भोक मोठं होतं. हबभोवती प्लास्टिक असेल तर ते वितळणार हे धरून चाला, म्हणजे जुनं व्हील वाचवायचं असेल तर टॉर्च नको, हीट गनपर्यंतच थांबा. आणि मघाशी मारलेलं तेल पेट घेतं, ते आधी नीट पुसा.

शेवटचा उपाय कापणं. हब उभा कापायचा, हॅकसॉ ब्लेडने किंवा छोट्या कटिंग डिस्कने, शाफ्टच्या अगदी जवळ येईपर्यंत, शेवटचा पातळ पापुद्रा तसाच सोडून चिरेत छिन्नी घालून पिळायचं. हब उकलतो आणि शाफ्टला ओरखडाही येत नाही. व्हील गेलं, पण ते आपण सुरुवातीलाच ठरवलं होतं.

नवीन मागवण्याआधी मापं

शाफ्ट पॉलिश पेपरने घासून गंज काढा, चमक आली की थांबा, धातू घासून कमी करायचा नाहीये. मग व्हर्निअरने तीन ठिकाणी मोजा, टोकाशी, मधे आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं दोनदा, म्हणजे झीज कुठे आहे ते कळतं.

आपल्यासारख्या मिलिमीटरमध्ये वाढलेल्या लोकांचा घोटाळा इथे होतो. हे शाफ्ट इंचातले आहेत, ५/८ किंवा ३/४ हे नेहमी दिसणारे. आपल्याकडच्या फिटरच्या भाषेत पाच सूत आणि सहा सूत, एक सूत म्हणजे १/८ इंच. पाच सूत म्हणजे १५.८८ मिमी, सहा सूत म्हणजे १९.०५ मिमी. कोणी १६ मिमी बोअरचं (हबच्या मधल्या भोकाचं) व्हील "५/८ ला चालतं" म्हणून विकतं, ते जातं खरं पण जवळपास ०.१२ मिमी ढिलं राहतं. उलट १९ मिमी बोअरचं व्हील सहा सूत शाफ्टवर जाणारच नाही, फरक केसापेक्षाही कमी असला तरी, आणि मग माणूस हातोडी उचलतो.

बोअर जुळला एवढ्यावर खूश होऊ नका. हबची खोली किती, पिनचं भोक हबच्या खालच्या कडेपासून किती अंतरावर, व्हील किती खोलगट आहे आणि व्यास किती, हे चारही जुन्याशी ताडून बघा. हब लांब असेल तर खाली डॅशवर घासतो. व्हील फार सपाट असेल तर ते डॅशजवळ जातं आणि बोटं अडकतात. छोटं व्हील दिसायला छान वाटतं पण पुढे लोडर किंवा स्नो ब्लेड लावलं की वळवताना खांदे भरून येतात. दात्यांचा शाफ्ट असेल तर एका दात्याला खडूने खूण करून दाते मोजा, आणि परत एकदा मोजा, एकाचा फरक पडला तरी व्हील बसणार नाही. दाते वरच्या टोकाकडे निमुळते होतात की सरळ आहेत तेही बघा, तो वेगळाच प्रकार आहे.

बसत नाही म्हणजे काय करायचं

बोअर मोठा असेल: हे सोपं आहे. शाफ्ट पाच सूत आणि व्हीलचा बोअर सहा सूत असेल तर मधे १/१६ इंच जाडीच्या भिंतीचं, म्हणजे साधारण १.६ मिमीचं, स्टीलचं बुश घाला, तयार मिळतं. वर सांगितलेल्या १६ मिमीसारखी बारीक फट असेल तर ०.०५ मिमी जाडीच्या पितळी शिमचा एक वेढा पुरतो. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून घालायची युक्ती सगळीकडे सांगतात, पण तो साधारण ०.१ मिमी असतो, म्हणजे या फटीला जाड, आणि ॲल्युमिनियम लवकर झिजतं. पितळच वापरा.

बोअर लहान असेल तर हँड ड्रिलने मोठा करू नका. बिट हातात तिरकं जातं आणि व्हील कायमचं डुगडुगत फिरतं. ते काम लेथवर किंवा रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने). इथे मशीन शॉपवाले छोट्या कामालाही चांगले पैसे घेतात हे खरं, पण एकदा नीट झालं की झालं.

पिनचं भोक लंबगोल झालं असेल, जे व्हील हॉर्सला अगदी कॉमन आहे, तर बहुतेक लोक पुढच्या मापाचं ड्रिल मारून जाड पिन टाकतात. दोन सूतची पिन असेल तर अडीच सूत. पण थांबून विचार करा, पाच सूत शाफ्टमध्ये अडीच सूतचं आरपार भोक म्हणजे त्या जागी व्यासाचा बरोबर अर्धा भाग गेला. तिथेच सगळा पीळ येतो. माझं मत, शाफ्ट सहा सूत असेल तर एकदा जाड पिन ठीक, पाच सूत असेल तर जुनं भोक तसंच सोडून थोडं वर किंवा खाली, जुन्याला काटकोनात, मूळ मापाचं नवीन भोक पाडा. हबला तेवढा गळा असला पाहिजे अर्थात.

नवीन भोक पाडताना हब आणि शाफ्ट वेगवेगळे ड्रिल करू नका, कधीच जुळत नाहीत. व्हील शाफ्टवर त्याच्या जागी बसवा, चाकं सरळ आहेत याची खात्री करा (ते पुढे सांगतोय, ते आधी वाचा), सेंटर पंच मारा, आणि दोन्ही एकत्र ड्रिल करा, आधी एक सूतचं बारीक बिट मग मोठं, कटिंग ऑइल घालत. शाफ्ट बाहेर काढता आला तर ड्रिल प्रेसवर व्ही ब्लॉकमध्ये धरून करा, फार सरळ येतं. पिनच्या जागी साधा बोल्ट टाकायचा मोह टाळा. बोल्टचे आटे भोकाच्या कडा करवतीसारखे खातात, सहा महिन्यांत परत लंबगोल. अगदीच नड असेल तर भोकात आट्यांशिवायचा गुळगुळीत भाग येईल असा ग्रेड ८ चा बोल्ट आणि नायलॉक नट, पिन येईपर्यंत.

झिजलेल्या शाफ्टसाठी लॉकटाइट ६६० हे धातूचे भाग घट्ट धरून ठेवणारं गोंदासारखं रसायन फार कामाचं आहे, अर्धा मिलिमीटरपर्यंतची फट भरून काढतं. दोन्ही भाग ब्रेक क्लीनरने साफ करून लावा आणि पूर्ण वाळू द्या. पण पिनच्या सोबत लावा, पिनऐवजी नाही. पुढे कधी काढायचं झालं तर तापवावं लागतं हेही लक्षात असू दे.

दाते झिजले असतील तर व्हीलचे झिजलेत की शाफ्टचे ते बघा. व्हीलचे मऊ असतात, बहुधा तेच गेलेले असतात, मग नवीन व्हीलनेच काम होतं. आणि शाफ्टला व्हील वेल्डिंग करून टाकू नका. कित्येक ट्रॅक्टरवर आधीच्या मालकाने केलेलं असतं. पुढे बुश बदलायचं झालं किंवा डॅश काढायचा झाला की शाफ्ट कापण्यावाचून मार्ग उरत नाही, एका चांगल्या मशिनचं असं झालेलं बघवत नाही.

व्हील सरळ बसवणं

पुढची चाकं जॅकवर उचला. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, किती फेरे होतात ते मोजा, आणि बरोबर निम्म्यावर या. आता चाकं सरळ दिसली पाहिजेत. नाही दिसत, तर व्हील उलटसुलट करून काही होणार नाही, आधी खालचा रॉड ॲडजस्ट करून चाकं सरळ आणा. मगच व्हीलचे आरे हवे तसे ठेवून पिन किंवा नट. दात्यांच्या शाफ्टवर व्हील एकेका दात्याने सरकवता येतं, समजा ३६ दाते असतील तर एका दात्याला १० अंश, त्याहून बारीक फरक परत रॉडनेच काढायचा. आडव्या पिनवाल्याला तर दोनच पर्याय, आहे तसं किंवा अर्धा फेरा उलटं, म्हणून नवीन भोक पाडायच्या आधी हे सगळं करून घ्यायचं.

बसवताना शाफ्टवर अँटी सीझचा (भाग गंजून जाम होऊ न देणाऱ्या पेस्टचा) पातळ थर द्या (लॉकटाइट लावलं नसेल तर). पुढच्या माणसाला, कदाचित तुम्हालाच, ते व्हील हाताने निघेल.

चालवून बघताना

इंजिन बंद ठेवूनच व्हीलला दोन्ही हातांनी वर ओढा, बाजूला दाबा, टोकापर्यंत जोर लावून वळवा, पांढरी रेघ परत ओढून बघा. मग सपाट जागेवर, ब्लेड बंद, सगळ्यात हळू गिअर. उतारावर लगेच जाऊ नका, आणि मुलांना मांडीवर घेऊन तर कधीच नाही. दोन-तीन वेळा गवत कापून झालं की पिन आणि नट परत तपासा, रोल पिन थोडी बाहेर सरकलेली दिसली तर भोक अजून मोठं आहे, परत ठोकून आत घालत बसण्यापेक्षा नवीन पिन आणा. आणि त्याच वेळी स्पिंडलच्या निपलांना ग्रीस गन लावा, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत.